शुक्रवारची कहाणी

श्रावणी शुक्रवारची पूजा आटोपली होती. मुठीत अक्षता धरून अनुसूयाबाई सुनेने कहाणी वाचायची वाट पाहत होत्या. कहाणी ऐकल्याशिवाय त्या जेवत नसत. स्वाती मात्र देवघराशीच लॅपटॉप घेऊन बसली होती. दूर उत्तर प्रदेशातल्या समथरच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टिम टाकल्यापासून वायफाय बंद पडलं होतं, आणि ते सुरू झालं नाही तर उद्या ते सगळे कॉम्प्युटर भंगारात जाणार होते.

"कुठे अडलंय गं?"

"आई, वायफाय चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याला, तो जुना आहे. तो जुन्याच नावांनी हाका मारतोय, आणि नव्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, त्या नावाचं कोणी उरलेलंच नाही."

"अगं बाई! मग त्याला नवी नावं कोण शिकवणार?"

"मी."

एक चूक सुधारली की दुसरी निघत होती. स्वाती उठली नाही. अनुसूयाबाईंनीही मूठ सोडली नाही. शेवटी स्वातीने सुधारलेला ड्रायव्हर शाळेला पाठवला आणि थोड्या वेळाने फोन वाजला. मास्तरांच्या आधी पोरांचा गलकाच ऐकू आला. "चल गया, स्वातीजी! सारे के सारे चल गये!"

डोळे पुसत स्वातीने घाईघाईने पोथी उघडली. "उशीर झाला आई, आता लगेच वाचते."

अनुसूयाबाईंनी मुठीतल्या अक्षता लॅपटॉपवर वाहिल्या.

"ऐकली की मी. संकट आलं, बाईने वसा घेतला, टाकला नाही, देवी पावली. आणखी काय असतं गं कहाणीत? चल, पानं वाढ."