दुसरी कुठाय?

धाकटीला जन्मापासून जो भेटेल तो एकच विचारायचा, "दुसरी कुठाय?" दुसरी म्हणजे तिच्याहून चार मिनिटांनी थोरली असलेली जुळी बहीण. शाळेत बाक एक, घरात खोली एक, आणि गणितावर तर दोघींचा सारखाच जीव.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी धाकटीने गुपचूप गणित काढून टाकलं आणि सगळ्यांत लांबच्या विद्यापीठातलं भूगर्भशास्त्र भरलं. त्याचं माहितीपत्रक बघून थोरली पोट धरून हसली होती, "एवढ्या लांब दगड फोडायला कोण तडमडणार?" तेव्हा धाकटीही हसली होती.

पुढचे तीन आठवडे तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. थोरलीने गणिताचं कोडं पुढे सरकवलं की ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठायची. सांगायला मात्र जीभ रेटेना.

आज यादी लागली. दोघी पलंगावर एकमेकींकडे पाठ करून आपापल्या फोनमध्ये डोकं घालून बसल्या. भूगर्भशास्त्राच्या यादीत सतरावं नाव धाकटीचं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. मग नजर सहज एक ओळ वर गेली.

पाठीमागून थोरलीचा आवाज आला, "तू तर हसली होतीस!"

"तूच आधी हसलीस."

स्वयंपाकघरातून आईने हाक मारली, "काय गं, मिळालं का गणित?"

"नाही," दोघी एकदम म्हणाल्या.