पुढे चालणारी

बन्नीच्या माळावर म्हशी संध्याकाळी आपल्या आपण चरायला निघतात आणि उजाडता उजाडता आपल्या आपण दाराशी येतात. जकबच्या कळपातली लाडी आता म्हातारी झाली होती. दूध जेमतेम शेरभर, चारा मात्र सगळ्यांइतका. वडील नको नको म्हणत असताना त्याने ती पलीकडच्या वस्तीतल्या अलाणाला विकून टाकली.

"बापा, म्हैस दुधासाठी पाळायची. ही नुसती पुढे पुढे चालते."

"तेच तर तिचं काम आहे," बापा एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी एकही म्हैस परतली नाही. दुधाची गाडी दारात येऊन हॉर्न वाजवत राहिली. जकब पाणवठ्यापर्यंत धावत जाऊन आला, झुडपांमागे शोधून आला. बसवेना, उभं राहवेना. चोरांनी तर नेल्या नसतील? बापा खाटेवर बसून चहा पीत होते. तेवढ्यात जकबचा फोन वाजला. अलाणा होता.



"जकब, तू एकच म्हैस विकली होतीस ना रे? मग सगळा कळप माझ्या दारात का उभा आहे?"