बाहीला दात लावायचा नाही

शेजारच्या ग्लेंडाच्या पँटला लोंबकळत क्लाइड थेट स्वयंपाकघरापर्यंत आला. तिच्या हातातलं कॅसरोलचं भांडं वाचलं, हेच नवल.

"अगं वर्ना, हे पिल्लू आहे की सुसर?"

दात जणू आपल्यालाच लागले अशी वर्ना मोठ्यानं कळवळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ग्लेंडालाही तिनं खांदे धरून तसंच वळवलं. दोन म्हाताऱ्या भिंतीशी गप्प उभ्या, हा प्रकार क्लाइडला काही झेपेना. त्यानं कापड सोडलं आणि बसकण मारली.

"चावलं की खेळ संपला," वर्ना म्हणाली. "त्याला एवढंच कळायला हवं."

काळ्या तोंडाचं ते तपकिरी पिल्लू तिचं नव्हतं, खात्याचं होतं. वर्षभर घरी वाढवायचं, मग परीक्षेला न्यायचं आणि पास झालं की तिथंच सोडून यायचं, असा रिवाज. तिचं हे तिसरं. आधीचे दोघे, अ‍ॅक्सल आणि बॅनर, पहिल्या फटक्यात पास झाले होते. त्यांचे फोटो फ्रिजवर होते. बॅनरच्या फोटोला काळी फीत होती.

दोन्ही वेळा रिकामा पट्टा घेऊन घरी येताना ती गाडीत ढसाढसा रडली होती. नवरा, लाइल, गेल्यापासून घरात श्वास घेणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि क्लाइडलाही सोडून यायचं हा विचारच तिला सोसवत नव्हता. मग घेतलंसच कशाला, असं ग्लेंडानं विचारलं. मी नाही तर दुसरं कुणी घेतलं असतं, असं वर्ना म्हणाली आणि तिनं विषय बदलला.

पिल्लाबरोबर तागाची एक जाडजूड गुंडाळीही आली होती. ती तिनं गॅरेजच्या फळीवर टाकून दिली. चावायला काही हाताशीच नको, असं तिचं म्हणणं.

तिची शिस्त कडक होती. मुठीत चीजचा तुकडा धरायची. दात लागले तर मूठ घट्ट, जीभ लागली तर उघडी. उन्हाळ्यात तर तिनं कमालच केली. साऊथ डकोटाच्या त्या रखरखीत दुपारी ती लाइलचा थंडीतला जाड कोट घालून अंगणात पळायची आणि बाही क्लाइडच्या तोंडासमोर नाचवायची. त्यानं बाही धरली की ही घरात, दार बंद.

"उकडून मरशील," ग्लेंडा कुंपणावरून म्हणाली. "कोट कशाला तो?"

"दात फार टोचतात गं त्याचे."

मधूनच खात्यातल्या डॅरेलचा फोन यायचा. परीक्षा तोच घ्यायचा. पिल्लाचे दात कसे आहेत, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, उत्तम, सगळे आले. तो खूश झाला.

हिवाळ्यात चर्चच्या तळघरात गावजेवण होतं. ग्लेंडाच्या धाकट्या नातवानं क्लाइडच्या जबड्यात मनगटापर्यंत हात घातला आणि सगळ्या बायकांचे चमचे जागीच थांबले. क्लाइडनं तोंड अलगद मागे घेतलं आणि पोराची बोटं चाटली. टाळ्या पडल्या. पाद्रीबाबा म्हणाले, माझ्या मंडळींना पण शिकव काहीतरी. वर्नाची मान त्या दिवशी इतकी ताठ होती की कोट चढवायलाही दुसऱ्या कुणाला तरी मदत करावी लागली.

वसंतात परीक्षेचा दिवस आला. मैदानावर डॅरेलनं क्लाइडला जाळीच्या जिन्यावरून चढवलं, निसरड्या फरशीवरून नेलं, कानाशी डबे वाजवले. क्लाइडनं कशालाच भीक घातली नाही. डॅरेल तिच्याकडे बघून हसला.

मग मैदानाच्या टोकाकडून हाताला गादीसारखी जाड बाही चढवलेला एक माणूस आरडाओरडा करत धावत सुटला. डॅरेलनं पट्टा सोडला. क्लाइड बाणासारखा गेला, त्याला गाठून समोर बसला आणि बाहीचं टोक चाटायला लागला.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाही पुढे आली तेव्हा क्लाइडनं पाठ फिरवली आणि तो कुंपणाकडे तोंड करून बसला.

"काकू, पोलिसाचा कुत्रा चोराला चाटत बसला तर कसं व्हायचं?" डॅरेल कळवळून म्हणाला. "बॅनर आठवतो ना? गोळी लागली तरी त्यानं पकड सोडली नव्हती."

"आठवतो."

"पिल्लू चावलं तर अडवायचं नाही, असं सांगितलं होतं ना आम्ही?"

"सांगितलं असशील रे. वय झालं माझं."

डॅरेललाच वाईट वाटलं. एवढी मेहनत पाण्यात गेली म्हणून त्यानं तिची माफी मागितली. नापास कुत्र्याबद्दल आधी वाढवणाऱ्यालाच विचारायची पद्धत होती, तेव्हा तो चाचरत म्हणाला, ठेवाल का याला? आता काय करणार, ठेवावाच लागेल, असं म्हणून वर्नानं पट्टा हातात घेतला.

घरी जाताना ती गाडीत बेसूर गात होती आणि क्लाइड खिडकीतून तोंड काढून वारा खात होता. पोचल्यावर ती आधी गॅरेजमध्ये गेली. फळीवर तागाच्या तीन गुंडाळ्या होत्या, पिल्लांची पकड पक्की व्हावी म्हणून खात्यानं दिलेल्या. अ‍ॅक्सलच्या आणि बॅनरच्या गुंडाळ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या, दुसरं टोक तिनंच रोज धरून ओढलं होतं. क्लाइडच्या गुंडाळीवरची सुतळीची गाठ मात्र अजून सुटलेली नव्हती.