झेंड्याची घडी

पंधरा ऑगस्टला दुपारी मालदीवहून फोन आला. माझी बायको प्रतिभा तिथल्या शाळेत शिकवायची. मैत्रिणींबरोबर झेंडावंदन झालं आणि जिलेबी वाटता वाटता ती कोसळली, जागीच गेली. नाशिकच्या घरात मी नुसता बसून राहिलो.

संध्याकाळी तिच्या तिथल्याच मैत्रिणीचा, आमिनाथचा, पुन्हा फोन आला. “भाईसाब,” ती हिंदीत म्हणाली, “सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवायचा, असं दीदी म्हणाली होती. आम्ही परक्या. आमचा हात चालेल?”

“चालेल. जमिनीला लागू देऊ नका.”

“घडी कशी घालायची?”

“केशरी, हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. चक्र वर ठेवा.”

“बरं,” म्हणून तिनं रडत फोन ठेवला.

प्रतिभाला घरी कसं आणायचं, ते विचारायचं राहिलं.