वेढ्यातले बटाटे

मागच्या खोलीतून पुन्हा हसण्याचा फवारा उडाला आणि तिच्या हातातला खडू मोडला.

फळ्यावर नऊ सनावळ्या होत्या आणि समोर दोन रिकाम्या खुर्च्या. "पाच वाजले, आई," असं थोरली म्हणाली होती आणि आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत दोघी बहिणी आत्याच्या खोलीत पसार झाल्या होत्या. थोरली अकरा वर्षांची, धाकटी आठ. धाकटीची एक चप्पल टेबलाखालीच राहिली होती, इतकी घाई.

नवरा पूल बांधायचा. दर सहा-आठ महिन्यांनी नवी नदी, नवं घर. म्हणून मुलींची शाळा घरातच, जेवणाच्या टेबलावर भरायची. गणित बरं चालायचं. इतिहास निघाला, की दोघींच्या पापण्या जड व्हायच्या. आणि इतिहास हाच तर तिचा विषय. दहा वर्षं तिने तो शाळेत शिकवला होता. तिने पोरींसाठी नकाशे रंगवले, बाहुल्यांना राण्यांचे झगे शिवले, एकदा तर पुठ्ठ्याची तोफही केली. पोरी "छान आहे" म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठल्या.

मग नणंद आली. न्यायालयात तीस वर्षं साक्षी टाइप करून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. जिन्यावरून पडून पाय मोडला, तेव्हा भावाने तिला उचलून घरी आणलं. पथ्यपाणी, औषधं, आंघोळ, सगळं हिने केलं आणि मनापासून केलं. पण तिसऱ्या आठवड्यात त्या पलंगावर इतिहास सुरू झाला. तेव्हापासून जेवताना धाकटीचं प्रत्येक वाक्य "आत्या म्हणाली" ने सुरू व्हायला लागलं. परवा थोरली सहज बोलून गेली, "आत्या सांगते तेव्हा झोपच येत नाही गं."

पोरी शिकताहेत ना, मग झालं तर, असं तिने स्वतःला पन्नासदा बजावलं. पण पोटात दुखायचं ते दुखतच राहिलं. आपण राब राब राबायचं आणि पोरींनी दुसरीच्याच गळ्यात पडायचं! काल फोनवर ती नवऱ्याला म्हणाली, "सोमवारी वन्संचं प्लास्टर निघतंय. लगेच त्यांना त्यांच्या घरी सोडून येऊ."

"एवढी काय घाई? पोरी हिरमुसतील."

"हिरमुसू देत," ती म्हणाली होती आणि फोन ठेवून दिला होता.

आता ती मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार अर्धवट लोटलेलं होतं.

"सातशे वर्षांपूर्वीची गोष्ट," नणंद सांगत होती. "किल्ल्याला वेढा पडलेला. चार महिने झाले. आतलं धान्य नाही, पण धीर संपत आलेला. थंडी अशी, की दाढीला दव गोठायचं. तटावर सैनिक शेकोटी करून बसले होते. निखाऱ्यात बटाटे भाजत होते…"

बटाटे! हिने कान टवकारले. बटाट्याची आणि त्या किल्ल्याची गाठ पडायला अजून अडीचशे वर्षं तरी होती. कित्येक महिन्यांत तिला इतका आनंद झाला नव्हता. तिने दार ढकललं.

"वन्सं, सातशे वर्षांपूर्वी बटाटे कुठून आणलेत? पोरींना काहीबाही सांगू नका. इतिहास आहे तो, थापा नाहीत."

नणंदेने मान खाली घातली आणि पायावरची चादर सारखी केली. ही वाट बघत राहिली. आता पोरी आत्याकडे वळतील. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते कौतुक एकदाचं उतरेल.

पोरी वळल्या त्या तिच्याकडे. दोघींचे डोळे आग ओकत होते.

"आई!" धाकटीने गादीवर मूठ आपटली. "मी शोधणारच होते ना! तू कशाला सांगितलंस?"

तेव्हा कुठे हिचं पलंगाकडे लक्ष गेलं. हिचीच पुस्तकं. कॉलेजातली, जाडजूड, वरच्या फळीवरची. पाच-सहा तरी उघडी पडली होती आणि पानापानांतून कागदाच्या चिठ्ठ्या डोकावत होत्या. थोरलीच्या मांडीवर वही होती. हिने ती ओढून घेतली.

'राजाने खिशातून घड्याळ काढून पाहिलं. थाप. जाडं लाल पुस्तक, पान २१२.' 'राणीने काडी पेटवून दिवा लावला. थाप.' त्याखाली तीन पुस्तकांची नावं. पहिलं खोडलेलं, कारण त्यात उत्तर मिळालं नव्हतं. पानंच्या पानं अशी भरली होती. अक्षर गिचमिड, पण पुस्तकांच्या पानांचा एकही आकडा चुकीचा नव्हता.

"रोज एकच थाप मारायची," नणंद ओशाळून म्हणाली. "दिवेलागणीपर्यंत सापडली नाही, तर मी जिंकले. गेले नऊ दिवस हरतेय बघ."

ही पलंगाच्या कडेवर टेकली. तिने वही मिटली, पुन्हा उघडली.

"मग माझ्या तासाला का नाही असं?" तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "मी इतकं सांगते. एकदा तरी उठून पुस्तक उघडून पाहिलंत?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही.

"तुझं कशाला बघायचं?" ती म्हणाली. "तू कधी चुकतच नाहीस."