कस्तुरीची कमेंट

नीटच्या क्लाससाठी लातूरला राहिलेल्या मृण्मयीला एका ऐतिहासिक मालिकेतल्या चंपा नावाच्या दासीनं वेड लावलं होतं. मालिकेत चंपाला राणीसाहेबांपुढं विड्याचं तबक धरण्यापलीकडं काही काम नव्हतं, म्हणून मृण्मयी तिची गोष्ट स्वतःच रचून मोबाइलवर टाकायची. प्रत्येक भागाखाली 'कस्तुरी' नावाच्या वाचकाची कमेंट हमखास यायची, 'अभ्यास काय, कधीही होतो. पुढचा भाग आजच टाक.' कधी न भेटलेली ही कस्तुरी मृण्मयीला घरच्यांपेक्षा जवळची वाटायची.

चाचणीत मार्क घसरले आणि सरांनी मृण्मयीला पहिल्या बॅचमधून काढलं. तिची जागा तिच्याच खोलीतल्या वर्षाराणीला मिळाली. घरी कळवायचा धीर होईना, म्हणून मृण्मयी नुसतीच कॉटवर पडून राहिली. तेवढ्यात मोबाइल वाजला. कस्तुरीनं लिहिलं होतं, 'बॅच गेली म्हणून रडू नको. तू लिहीत राहा.'

बॅचचं तर मृण्मयीनं कस्तुरीला कळवलंच नव्हतं. तिनं शेजारच्या कॉटकडं पाहिलं. वर्षाराणीनं हातातला मोबाइल उशीखाली सारला.

"तूच ना गं कस्तुरी?"

"हाव," वर्षाराणी खाली बघत म्हणाली. "आधी तुला मागं पाडायलाच लिहीत होते. पण मग खरंच लई आवडाय लागली गोष्ट. सांग ना, चंपाचं पुढं काय होतं?"

मृण्मयी उठून बसली आणि तिनं फिजिक्सचं पुस्तक उघडलं.

 

"मेली," ती म्हणाली.