वेगळं ताट

“मॅडम, पुन्हा त्याच गोळ्या नका लिहू,” गोकुळ उभ्यानंच म्हणाला. “दोनदा टीबीचा कोर्स झाला. एक गोळी चुकू दिली नाय मी. तरी खोकला हाय तिथंच हाय!”

शेजारच्या खुर्चीत त्याची आई साळूबाई तोंडाला पदर लावून खोकत होती. गंगापूरच्या शेतात उभा जन्म राबलेली बाई. आजारपणात लेकानं तिला शहरात, गारखेड्याला आपल्या घरी आणलं. आता तिच्या हातात बांगड्या ठरत नव्हत्या. मघाशी काट्यावर वजन पुन्हा कमीच भरलं होतं.

डॉ. सरोजिनी पाठकांनी थुंकीचा नवा रिपोर्ट पुढं ठेवला. “टीबी नाहीच हा आता. पहिल्यांदा होता, तो बरा झाला. पण त्यानं फुफ्फुसात खड्डे पाडले. त्यात हा दुसराच जंतू बसलाय. टीबीच्याच भावकीतला, पण मातीत-पाण्यात राहणारा. टीबीच्या गोळ्यांना तो पुरता दाद देत नाही.”

“म्हणजे दुसरा कोर्स फुकट गेला?”

“ओळखायला उशीर झाला.”

गोकुळनं कपाळावर हात मारला. बोलणार कुणाला?

“औषध बदलू,” डॉक्टर म्हणाल्या. “वय आणि हे खड्डे आपल्या हातात नाहीत. वजन आहे. अंग असं झिजत गेलं की हा आजार जोर धरतो. जेवत का नाहीत या?”

गोकुळचा बांध फुटला. “तेच तर! अंडी आणतो, दूध आणतो, गावाकडून तूप मागवतो. भरलेलं ताट जातं, तसंच माघारी येतं. वरडून वरडून घसा बसला माझा. सांग ना आई, काय कमी पडू दिलं तुला?”

“कायबी नाय रं.”

“मग घास का जात नाही, आजी?” डॉक्टरांनी विचारलं.

साळूबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला. “मागच्या खोलीत एकलीला नाय जात, बाई. तिकडं समदी जेवाय बसत्यात. नातीचं हसणं ऐकू येतं. मंग वाटतं, ऱ्हाऊ दे.”

गोकुळ खुर्चीत बसला. मागची खोली त्यानंच दिली होती. ताट वेगळं, पेला वेगळा. लेकीला, श्रेयाला, तो उंबरा ओलांडायची बंदी. बायको मोनिका एकदा म्हणाली होती, एवढं कशाला? तर तिच्यावरच तो डाफरला होता. लेकरू घरात असताना दुसरं काय करायचं?

“मॅडम,” त्याचा आवाज उतरला, “आईला आमच्यासंगं जेवाय बसवलं तर चालंल का? पोरगी लहान हाय.”

“हा आजार माणसापासून माणसाला लागत नाही, गोकुळराव,” डॉक्टर म्हणाल्या. “कधीचंच चालत होतं.”